खारीपासून वाचवणारा बर्ड फीडर, ८ महिने वापरल्यावर

नोव्हेंबरात ऑनलाइन मागवला होता, १८०० रुपयाचा, आता जुलै लागला. घर नागपूरच्या प्रताप नगरात, मागे छोटंसं अंगण, एक पेरू आणि कंपाउंडला लागून कडुनिंब. घेतला चिमण्यांसाठी, पहिले दोन महिने जेवल्या खारी.

जाहिरातीत होतं की खार दांडीवर बसली की तिच्या वजनाने झाकण खाली सरकते आणि दाण्याची भोकं बंद होतात. सरकते ना, पण अमेरिकेतल्या खारीसाठी! तिकडची करडी खार ४०० ते ६०० ग्रॅमची असते, आपली पट्टेवाली १०० ग्रॅमच्या आसपास. पहिल्याच दिवशी बाई आल्या, मागचे पाय वरच्या कड्यात अडकवून उलट्या लोंबकळल्या आणि समोरच्या दोन हातांनी बाजरी ओढून निवांत खाऊन राहिल्या, झाकण जागचं हललं नाही. स्प्रिंग ढिली केली तर साळुंकी बसली तरी बंद व्हायला लागलं, तिचंही वजन तेवढंच ना. कस्टमर केअरवाला म्हणे, सर, खार छोटी असेल तुमच्याकडची. आता मोठी कुठून आणू बे? शेजारच्या वहिनींनी जाळीवाला घेतला, त्याचंही तेच, जिथून चिमणी शिरते तिथून खार पण शिरते.

मग कोणीतरी सांगितलं दाण्यात तिखट मिसळ, पक्ष्यांना मिरची लागत नाही. हे खरं आहे, मिरचीचा जाळ पक्ष्यांना जाणवत नाही, खारीला आणि आपल्याला जाणवतो. घरात भिवापुरी मिरचीचं तिखट होतं, तेच टाकलं. खार आली, दोन दाणे खाल्ले आणि पेरूच्या फांदीवर बसून किती वेळ दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिली. वाईट वाटलं राव. वरून उन्हाळ्यात वारा सुटला की तेच तिखट माझ्या डोळ्यात. बंद केलं. दांडीला ग्रीस लावायचाही सल्ला मिळाला होता, तो तर मुळीच ऐकू नका, अंगाला चिकटलं की केस काय, पिसं काय, साफ होतच नाहीत. समोरचे काका म्हणे पिंजरा लाव आणि अंबाझरीला सोडून ये. झाडावर घरटं असलं तर मागे राहिलेली पिल्लं उपाशी मरतील, आणि रिकाम्या जागेत कडुनिंबावरची दुसरी येईलच. आईने तर विषयच संपवला, "सेतू बांधाले आली होती ते, तिले पिंजऱ्यात टाकतो का रे तू?"

शेवटी कामी आली आईचीच जुनी स्टीलची परात. मधोमध भोक पाडलं, फीडरच्या वर उलटी टांगली आणि सगळं पेरूपासून सात-आठ फूट लांब बारीक तारेवर नेलं. खार तारेवरून उतरली, परातीवर आली, घसरली, नखं वाजली चर्रर्र करून आणि धप्प गवतावर. मग कंपाउंडवर बसून शेपटी उडवत पंधरा मिनिटं चिकचिकचिक, मला शिव्याच देऊन राहिली होती बहुतेक. पेरूच्या पलीकडच्या बाजूला तिच्यासाठी वाटीत मूठभर शेंगदाणे ठेवतो, बिनमिठाचे. फीडरमध्ये शेंगदाणा-सूर्यफूल बंद, फक्त बाजरी आणि राळा, इतवारीतून आणतो. आता चिमण्या, मुनिया आरामात खातात.

पावसाळ्यात मात्र फीडरचा वैताग आहे, खालचा दाणा ओला होऊन बुरशी धरतो, त्यामुळे एकदम भरू नका, दोन दिवसांपुरतंच टाका आणि आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवा. संध्याकाळी काढून घरात ठेवतो, नाहीतर रात्री उंदीर. प्लास्टिकची दोन भोकं खारीने परात यायच्या आधीच कुरतडून मोठी केली होती, तिथून दाणा सांडतो, वॉरंटीत बसत नाही म्हणे.

फीडरला पाचपैकी दोन, परातीला पाच. खार सध्या मागच्या दाराच्या पायपुसण्यातून काथ्या उपसून कडुनिंबावर नेऊन राहिली, अर्धं पायपुसणं गेलं, आई म्हणते राहू दे.