यूडेव्ह: नावं पक्की, परमिशन पक्की, फक्त चूक कुठे झाली ते सांगत नाही

लिनक्सवर सिरीयल अडॅप्टर, यूएसबी प्रोग्रामर, बारकोड स्कॅनर असलं काही रोज लावणाऱ्याचा यूडेव्हशी (डिव्हाइस लावलं की त्याला नाव आणि परमिशन देणारा प्रोग्राम) संबंध येतोच, फक्त बहुतेकांना त्याचं नाव माहीत नसतं, त्यांना माहीत असतं ते "परमिशन डिनाइड" आणि "काल यूएसबी० होतं ते आज यूएसबी१ कसं काय झालं". या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच टूलमधे आहे म्हणून त्याचा नीट रिव्ह्यू लिहितोय. आधीच सांगतो, माझ्याकडून ५ पैकी ४. तो एक स्टार का कापला ते खाली येईलच.

आधी थोडी मागची गोष्ट, कारण त्याशिवाय याची किंमत कळत नाही. पूर्वी /डेव्ह फोल्डरमधे डिव्हाइस असो नसो, हजारो नोड (म्हणजे डिव्हाइससाठीच्या खास फाइल) आधीच बनवून ठेवलेले असायचे. मग डेव्हएफएस आलं, ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आतून नावं द्यायचं. २००३ मधे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं, आणि त्यात मुख्य विचार असा होता की कर्नलने फक्त "अमुक डिव्हाइस आलं" एवढं सांगावं, त्याला काय नाव द्यायचं आणि कोणाला हात लावू द्यायचा हे कर्नलच्या बाहेर, आपण लिहिलेल्या रूल्सवरून ठरावं. हा निर्णय मला आजही शंभर टक्के बरोबर वाटतो. २०१२ मधे यूडेव्हचा कोड सिस्टमडीमधे (सगळ्या सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) गेला त्यामुळे आज लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोमधे (डेबियन, उबुंटू, आर्च वगैरे) ते आपोआप येतं, वेगळं इन्स्टॉल करायला लागत नाही. हल्ली नोड स्वतः डेव्हटीएमपीएफएस बनवतं म्हणजे कर्नलच, आणि यूडेव्ह त्यावर ओनर, ग्रुप, मोड (कोणाला वाचता-लिहिता येईल ते) आणि सिमलिंक (त्याच नोडकडे नेणारं दुसरं नाव) चढवतं. हे लक्षात ठेवा, कारण यातूनच कळतं की हाताने मारलेलं सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) का टिकत नाही. /डेव्ह रॅममधे असतं, केबल काढली की नोड गेला, परत लावली की नवा नोड, तुमचं सीएचमॉड संपलं. तरी लोक स्टार्टअप स्क्रिप्टमधे सीएचमॉड टाकतात आणि मग डिव्हाइस उशिरा लावलं की चालत नाही म्हणून हैराण होतात.

नावांचा भाग घेऊ, तो यूडेव्हचा सगळ्यात भारी भाग आहे. /डेव्ह/टीटीवाययूएसबी० मधलं शून्य हे कुठलं डिव्हाइस आधी सापडलं त्यावर ठरतं, त्याचा त्या केबलशी काही संबंध नाही. त्यामुळे दोन अडॅप्टर असतील आणि कॉन्फिगमधे यूएसबी० लिहिलं असेल तर एका रीबूटनंतर तुम्ही चुकीच्या मशीनला कमांड पाठवताय. यासाठी रूल लिहायचीसुद्धा गरज नसते बरेचदा! /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी उघडून बघा, तिथे कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर जोडून तयार लिंक असते. डिस्कसाठी तसंच बाय-यूयूआयडी, बाय-लेबल, बाय-आयडी, बाय-पाथ. कितीतरी लोक स्वतःचे रूल लिहीत बसतात आणि हे फोल्डर त्यांनी कधी उघडलेलं नसतं. माझा आग्रह आहे, आधी हे बघा, मगच एडिटर उघडा.

रूल लागतो तो स्वस्त चिपच्या वेळी. एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या बऱ्याच अडॅप्टरमधे स्वतःचा सिरीयल नंबर असतो त्यामुळे ते सरळ ओळखता येतात, पण सीएच३४० चिपवाले बहुतेक बोर्ड, ज्यांचा आयडी १ए८६:७५२३ असा दिसतो, त्यात सिरीयल नंबरच नसतो. असे दोन बोर्ड एकत्र लावले की दोन्ही बाय-आयडीमधे एकच नाव मागतात आणि लिंक कुठल्यातरी एकाकडे जाते. तिथे उपाय एकच, पोर्टवरून ओळखायचं, म्हणजे बाय-पाथ वापरा किंवा रूलमधे कर्नल्स या कीला (की म्हणजे रूलमधल्या प्रत्येक भागाचं नाव) १-१.२ असा पोर्टचा पत्ता द्या. मग केबल त्याच भोकात लावायची शिस्त पाळायला लागते, पण ती मर्यादा चिपची आहे, त्याचा दोष यूडेव्हला देणार नाही.

रूल लिहिताना सगळ्यात जास्त लोक कुठे अडकतात तर शेवटच्या एका एसवर. ॲट्रिब्यूटची की दोन रूपात आहे, एक एकवचनी ॲटर आणि एक अनेकवचनी ॲटर्स. एकवचनी फक्त त्याच डिव्हाइसचा गुणधर्म बघते, अनेकवचनी वरच्या सगळ्या पेरेंटमधे (ज्यांना ते डिव्हाइस जोडलेलं आहे त्यांच्यात) शोधत जाते. टीटीवाय, म्हणजे सिरीयल पोर्टच्या, नोडला स्वतःचा व्हेंडर आयडी (कंपनीचा नंबर) नसतो, तो वरच्या यूएसबी डिव्हाइसला असतो, म्हणून तिथे एस पाहिजेच. उलट सबसिस्टम यूएसबी असा रूल लिहिला तर एस नको, कारण तिथे डिव्हाइस तेच आहे. आणि यात अजून एक गोम आहे, एका रूलमधल्या सगळ्या अनेकवचनी अटी एकाच पेरेंटवर बसायला लागतात. यूडेव्हअ‍ॅडम इन्फोला (डिव्हाइसची माहिती दाखवणारी यूडेव्हची कमांड) डॅश ए दिलं की पूर्ण साखळी छापून येते, त्यातून एका ब्लॉकमधून व्हेंडर आणि दुसऱ्या ब्लॉकमधून ड्रायव्हर उचलला तर रूल कधीच लागणार नाही. ही गोष्ट त्या कमांडच्या आउटपुटमधे वरतीच लिहिलेली असते, कोणी वाचत नाही. बाकी बरोबरचं चिन्ह, दोनदा म्हणजे तुलना, एकदा म्हणजे नेमणूक, सिमलिंकला अधिक-बरोबर वापरा नाहीतर आधीच्या रूलने दिलेल्या लिंक उडतात.

आता परमिशन. नेटवर मिळणारा दर दुसरा रूल मोड ०६६६ लिहून मोकळा होतो, आणि मला याचा मनापासून राग येतो. ०६६६ म्हणजे त्या मशीनवरचा प्रत्येक युजर आणि प्रत्येक प्रोसेस त्या डिव्हाइसवर वाचू-लिहू शकते. की-लॉगर लिहायला किंवा फर्मवेअर बदलायला दार सताड उघडं! आणि त्याची गरज नाहीये. सिरीयल पोर्टला डेबियन-उबुंटूवर डायलआउट ग्रुप असतो, आर्चवर यूयूसीपी, युजरला त्यात टाका, लॉगआउट करून परत लॉगिन करा (हे करायचं राहून जातं आणि मग लोक म्हणतात ग्रुपने चाललं नाही), काम झालं. डेस्कटॉपवर त्याहून चांगला मार्ग म्हणजे रूलमधे यूअ‍ॅक्सेस हा टॅग. त्याने जो माणूस आत्ता त्या स्क्रीनसमोर लॉगिन आहे त्यालाच एसीएलने (एकेका युजरला वेगळी परवानगी द्यायची सोय) परवानगी मिळते, दुसरा युजर स्क्रीनवर आला की पहिल्याची जाते. एलएस डॅश एलमधे मोडच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की समजायचं लागलं. एसएसएचवरून (नेटवर्कवरून लांबून लॉगिन करून) आलेल्याला मात्र हे मिळत नाही, तिथे ग्रुपच.

आणि इथेच तो नंबरचा सापळा येतो. रूलच्या फाइल नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, कुठल्या फोल्डरमधे आहेत त्याने क्रम बदलत नाही. यूअ‍ॅक्सेस टॅगवर काम करणारी ओळ ७३-सीट-लेट या फाइलमधे आहे. तुम्ही सवयीने फाइलला ९९ नंबर दिला तर टॅग लागतो पण तोपर्यंत ती ओळ मागे पडलेली असते, परमिशन मिळतच नाही आणि एररही येत नाही. दुसऱ्या बाजूला सिरीयल पोर्टच्या बाबतीत सिरीयल नंबरसारखी माहिती ६०-सिरीयल या फाइलमधे गोळा होते, म्हणजे ती एनव्ही कीने (आधीच्या रूलने साठवलेली माहिती वाचणारी की) वापरायची तर तुमची फाइल तिच्यानंतर पाहिजे. म्हणून मी सिरीयलच्या फाइलला ७० देतो, दोन्हीच्या मधे नीट बसते. फाइल /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मधेच ठेवा, सिस्टमची फाइल बदलायची असेल तर त्याच नावाची फाइल इथे ठेवली की इथली जिंकते, अपडेटने काही पुसलं जात नाही. हा भाग फार विचार करून बनवलाय.

स्टार कापला तो याच गप्प बसण्याबद्दल. व्हेंडर आयडीत एक अंक चुकला, एस राहिला, क्रम चुकला, सगळ्याचा परिणाम एकच, काहीही होत नाही. रूलच्या भाषेत ती चूक नाहीच, फक्त जुळलं नाही. कंट्रोल रीलोड (रूल परत वाचायला लावणारी कमांड) केलं तरी आधीपासून लावलेल्या डिव्हाइसवर रूल परत चालत नाही, त्यासाठी ट्रिगर द्यायचं किंवा केबल काढून लावायची. यूडेव्हअ‍ॅडम टेस्टने कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीने ग्रुप, मोड, लिंक दिली ते दिसतं, मॉनिटरने इव्हेंट येताना दिसतात, आणि सिस्टमडी २५४ पासून व्हेरिफाय आलंय जे रूल फाइल तपासून स्पेलिंग, राहिलेला कॉमा असल्या चुका पकडतं. व्हेरिफाय खरंच उपयोगी आहे, दर वेळी चालवा. पण भाषा बरोबर आणि आयडी चुकीचा असेल तर ते तरी काय करणार, तिथे इन्फोचं आउटपुट शेजारी ठेवून डोळ्यांनीच जुळवायला लागतं.

रन कीबद्दल (डिव्हाइस आल्यावर कमांड चालवणारी की) थोडक्यात: डिव्हाइस लावल्यावर बॅकअप सुरू करायचा वगैरे कामं त्यात टाकू नका. ती छोट्या कामासाठी आहे, लांब चालणारी प्रोसेस इव्हेंट संपला की मारली जाते. सिस्टमडी टॅग लावा आणि सिस्टमडी-वॉन्ट्सने सर्व्हिस उठवा. नेटवर्क कार्डाची ईएनपी३एस०सारखी नावं २०१३ पासून यूडेव्हच देतं, त्यावर खूप वाद झालेत, पण दोन-चार कार्डं असलेल्या सर्व्हरवर मला ती ईटीएच०पेक्षा कधीही चालतील.

सिस्टमडी नको असेल तर ईयूडेव्ह आहे, रूल जवळपास तेच चालतात. अगदी छोट्या एम्बेडेड बोर्डवर बिझीबॉक्समधलं (छोट्या मशीनसाठीचा कमांडचा संच) एमडेव्ह पुरतं, एकच कॉन्फिग फाइल, नावाचा पॅटर्न, ओनर-ग्रुप, मोड, बस. पण तिथे यूअ‍ॅक्सेस नाही आणि तयार बाय-आयडी लिंकही मिळत नाहीत, त्या हव्या असतील तर स्क्रिप्ट लिहून स्वतः बनवायला लागतात, त्यामुळे एकसारखे दोन-तीन यूएसबी डिव्हाइस लावायचे असतील अशा बोर्डवर मी जागा थोडी जास्त गेली तरी यूडेव्हच टाकेन.