टेबलावर पहिलं महायुद्ध मांडलंय, स्पीकरवर काय लावू? सबॅटन, बोल्ट थ्रोअर की १९१४

आम्ही वॉरगेमिंग करतो, म्हणजे छोट्या शिपायांच्या मूर्ती टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळतो. पहिल्या महायुद्धाचा सिनारिओ, म्हणजे खेळायची लढाई, ठरला की टेरेन, म्हणजे टेबलावरची जमीन-खंदक, मांडून होतं, डाइस निघतात, रूलबुकवरून थोडी भांडणं होतात आणि मग कोणीतरी विचारतंच, स्पीकरवर काय लावू? आमचा खेळ महिन्यातल्या एका रविवारी असतो, सकाळी दहाला बसलो की संध्याकाळी सातपर्यंत, आणि त्याआधीच्या दोन-तीन रात्री मिनिएचर रंगवण्यात जातात, म्हणजे हे म्युझिक कानावर पडतं ते खूप तास पडतं आणि त्या युद्धाबद्दल आपल्या डोक्यात काय बसतं यावर त्याचा परिणाम होतोच, निदान माझ्यावर तरी झालाय. म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी मेटल, म्हणजे रॉकचा तो जड, कर्कश प्रकार, फारसं ऐकलेलं नाही पण इतिहासाची आवड आहे त्यांनाही ठरवायला सोपं जावं.

मुख्य निवड तीन बँडमध्ये आहे. स्वीडनचा सबॅटन, इंग्लंडचा बोल्ट थ्रोअर आणि युक्रेनचा १९१४, हो, बँडचं नावच १९१४ आहे. इंग्लंडच्याच आयर्न मेडन या बँडबद्दल मध्येच थोडं बोलेन.

सबॅटनपासून सुरू करू कारण बहुतेक जण तिथूनच येतात. फालून गावचा बँड, १९९९ पासूनचा, बहुतेक सगळी गाणी खऱ्या लढायांवर किंवा खऱ्या सैनिकांवर. योआकिम ब्रोदेनचा आवाज स्वच्छ, शब्दन् शब्द कळतो, कोरस दुसऱ्यांदा आला की टेबलाभोवतीचे सगळे गायला लागतात. पहिल्या महायुद्धावर त्यांचे दोन पूर्ण अल्बम आहेत, २०१९ चा 'द ग्रेट वॉर' आणि २०२२ चा 'द वॉर टू एंड ऑल वॉर्स'. व्हर्दूनची लढाई आहे, रेड बॅरन हा जर्मन वैमानिक आहे, ऑसोव्हिएत्सच्या किल्ल्यावरचा १९१५ चा गॅस हल्ला आहे, सर्बियाची सैनिक मिलुंका साविच आहे जिचं नाव मी त्या गाण्याआधी ऐकलंही नव्हतं. 'द ग्रेट वॉर' घ्यायचा असेल तर हिस्टरी एडिशनच घ्या, त्यात प्रत्येक गाण्याआधी निवेदन आहे आणि नवीन माणसाला ते फार उपयोगी पडतं. शिवाय २०१९ पासून त्यांचं इतिहासाचं स्वतंत्र यूट्यूब चॅनल आहे, इंडी नायडेल हा निवेदक गाण्यामागची लढाई समजावून सांगतो. कॉलेजातल्या पोराला इतिहासाकडे वळवायचं असेल तर इतकं सोपं दार मला दुसरं माहीत नाही.

पण सबॅटन दंतकथा निवडतात. पोलंडमधल्या १९३९ च्या विझ्नाच्या लढाईवर त्यांचं जे गाणं आहे, ज्याचं नावच ४०:१ आहे, त्यामुळे ती लढाई जगभर पोचली, कॅप्टन रागिनिसने जिवंत जागा सोडणार नाही अशी शपथ घेतली आणि शेवटी ग्रेनेडने स्वतःला संपवलं हे आज पोलंडबाहेरच्या कितीतरी लोकांना माहीत आहे ते या गाण्यामुळेच. मात्र किती जण लढले, किती वेळ लढले यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे. ऑसोव्हिएत्सचंही तसंच. तेव्हा गाणं ऐकून सिनारिओ सुचला तर जरूर करा, पण फोर्स लिस्ट, म्हणजे टेबलावर कोणाचे किती शिपाई, ती गाण्यावरून काढू नका, लढाईचा ऑर्डर ऑफ बॅटल, म्हणजे खरोखर कुठल्या तुकड्या होत्या त्याची यादी, नीट शोधा.

दुसरी गोष्ट अवघड आहे आणि ती टाळून चालणार नाही. सबॅटनची चाल उत्साही असते, मरणाच्या गोष्टीलाही मुठी वर करून नाचावंसं वाटतं. जर्मन सेनापती रोमेलच्या सातव्या पॅन्झर (रणगाडा) डिव्हिजनवरचं त्यांचं गाणं, १९४० मध्ये जी इतकी वेगाने पुढे गेली की स्वतःच्या हेडक्वार्टर्सलाही तिचा पत्ता नसायचा, ते गाणं टेबलावर जर्मन बाजू घेतलेला माणूस जोरात लावतो आणि मला तिथे थांबावंसं वाटतं. बँडवर आरोप करत नाहीये मी, होलोकॉस्टवरही त्यांनी गाणं केलंय, त्यांनी काही लपवलेलं नाही. पण आपल्या छंदात कोणालातरी ती बाजू घ्यावीच लागते आणि घेताना ती फक्त रंगसंगती आणि स्टॅट्स होऊन जाते, त्यात वर असं जोशपूर्ण गाणं लागलं की उरलंसुरलं भान पण जातं. आमच्याकडे ते गाणं खेळताना लावत नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

आता बोल्ट थ्रोअर. हा बँड तर आपल्या छंदाच्या घरचाच म्हणायला हवा. कव्हेंट्रीत १९८६ मध्ये सुरू झाला, नाव वॉरहॅमर या मिनिएचरच्या खेळातल्या शस्त्रावरून घेतलं, आणि १९८९ च्या 'रेल्म ऑफ केऑस' या अल्बमला तो खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं आर्टवर्क होतं. म्हणजे तुम्ही आज जे प्लॅस्टिक किट कापता त्याच जगातून हे लोक आले. पुढे मात्र ते फँटसीतून बाहेर येत गेले, १९९२ च्या अल्बमचं नाव चौथ्या क्रुसेडवरून, म्हणजे मध्ययुगातल्या धर्मयुद्धावरून, आणि १९९४ च्या 'फॉर व्हिक्टरी'मध्ये शीर्षकगीतात लॉरेन्स बिन्यनच्या १९१४ मधल्या कवितेच्या त्या ओळी येतात ज्या ब्रिटनमध्ये दरवर्षी स्मृतिदिनाला म्हणतात, की ते म्हातारे होणार नाहीत जसे मागे राहिलेले आपण होतो. डेथ मेटलच्या त्या जड रिफवर त्या ओळी आल्या की अंगावर काटा येतो, मी कितीतरी वेळा ऐकलंय तरी येतो.

बोल्ट थ्रोअरमध्ये तुम्हाला तारखा मिळणार नाहीत. कुठली लढाई, कोण सेनापती, काही नाही, फक्त युद्ध. गाणं चालत राहतं, रणगाडा चिखलातून यावा तसं, मध्यम वेग, जड, एकसारखं. गायक कार्ल विलेट्सचा आवाज ग्रोल, म्हणजे गुरगुरता, आहे पण बराचसा कळतो. मला विचाराल तर रंगकामाला याहून चांगलं काही नाही, कारण लक्ष विचलित होत नाही आणि हात एका लयीत चालतो, प्रायमर, बेस कोट, वॉश, ड्राय ब्रश, बघता बघता दहा शिपाई होतात. २००५ चा 'दोज वन्स लॉयल' हा त्यांचा शेवटचा अल्बम, सुरुवात तिथूनच करा. त्यांचा ड्रमर मार्टिन कर्न्स सप्टेंबर २०१५ मध्ये गेला आणि बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, बाकीच्यांनी बँड थांबवला. सोबत्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला नाही. सैनिकी निष्ठेवर गाणी म्हणणाऱ्यांनी ती पाळली, मला याचं फार अप्रूप आहे.

तिसरा १९१४. लव्हीवचा बँड, २०१४ मध्ये सुरू झाला, सगळं काम पहिल्या महायुद्धावर. ब्लॅक, डेथ आणि डूम हे मेटलचे प्रकार मिसळलेलं, आवाज रखरखीत, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्द कळणारच नाहीत, लिरिक्स समोर ठेवून ऐकावं लागतं. अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटी त्या काळातलं जुनं रेकॉर्डिंग येतं, ग्रामोफोनची खरखर असलेलं. २०२१ च्या 'व्हेअर फिअर अँड वेपन्स मीट'मध्ये एका गाण्याचं नाव म्हणजे ज्याच्या खुनावरून हे युद्ध पेटलं त्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक फर्डिनांडला ज्या पिस्तुलाने मारलं त्याचा सीरियल नंबर, १९०७४. त्याच अल्बमात एक गाणं आईला आलेल्या मृत्यूच्या पत्रावर आहे, ते मी घरात सगळे असताना लावत नाही.

तुलना करायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे एकच विषय दोघांनी घेतलाय ती. हार्लेम हेलफायटर्स घ्या, अमेरिकेची ३६९ वी इन्फंट्री, कृष्णवर्णीय सैनिकांची रेजिमेंट, जी अमेरिकन सेनेने फ्रेंचांच्या हाताखाली दिली आणि जिने १९१ दिवस फ्रंटवर काढले. १९१४ ने २०२१ मध्ये त्यांच्यावर गाणं केलं, सबॅटनने २०२२ मध्ये. सबॅटनचं ऐकलं की तुम्ही त्या रेजिमेंटच्या बाजूने ओरडता. १९१४ चं ऐकलं की तुम्ही खंदकात असता, शेजारी कोण आहे दिसत नाही. १९१४ सालच्या नाताळातल्या युद्धबंदीचंही तेच. सबॅटनचं गाणं ख्रिसमसच्या गाण्यासारखं उबदार, घंटा वाजताहेत, डोळ्यांत पाणी येतं आणि तो व्हिडिओ आईलाही दाखवता येतो. १९१४ चं गाणं नावातच सांगतं की माणसं खंदकात गोठलेली आहेत. दोन्ही खरंच आहे, त्या रात्री दोन्ही होतं, पण दुसऱ्या दिवशी काय झालं याची आठवण १९१४ चं गाणं जास्त करून देतं.

मध्येच मेडनबद्दल. ग्रोल अजिबात सहन होत नसेल आणि सबॅटन जरा जास्तच गोड वाटत असेल तर मेडनचं बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या लढाईवरचं २००३ मधलं गाणं लावा, आठ मिनिटांच्या वर आहे आणि १९१७ चा तो चिखल त्यात पुरता उतरलाय. १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीत मेडनच्या टूरची सुरुवात झाली होती, गायक ब्रूस डिकिन्सन लाल कोट घालून झेंडा फिरवत क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या घोडदळावरचं गाणं म्हणतो ते तिथे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं काही सांगायला नको. पण मेडनचं युद्ध हे अल्बममध्ये एखाददुसरं गाणं असतं, त्यामुळे दिवसभराची प्लेलिस्ट त्यातून होत नाही.

आता मी स्वतः कुठे झुकतो आणि का. १९१४ च्या २०१८ च्या अल्बमात फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईतल्या हाय वूड या जंगलावर गाणं आहे. मला त्या जागेचं नाव आधी माहीत होतं ते वेगळ्या कारणाने. १४ जुलै १९१६ ला हाय वूडजवळ भाले घेऊन घोडदळाचा हल्ला झाला होता, मशीनगनच्या युगात, आणि त्यात ब्रिटिशांच्या सेव्हन्थ ड्रॅगून गार्ड्सबरोबर आपली २० वी डेक्कन हॉर्स होती. तीच रेजिमेंट पुढे १९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरला रणगाड्यांत होती. तो सिनारिओ मी २८ मिलिमीटरच्या मूर्तींत केलाय, पगड्या रंगवायला जन्म गेला, आणि रंगवताना ते गाणं चालू होतं. शब्द कळत नव्हते तरी चालू होतं.

आणि आमच्या सातारा भागातल्या गावांत चावडीवर, शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते, तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल, या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. दोन आकडे. नावं नाहीत. लहानपणी मी ती पाटी रोज पाहिली आणि मला कधी प्रश्न पडला नाही. मोठेपणी कळलं की मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मृतांसाठी इंग्रजांनी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभारलं, त्यावर ब्रिटिश साध्या शिपायाचंसुद्धा नाव कोरलं पण हिंदी लोकांत अधिकाऱ्यांची फक्त, साधे शिपाई आकड्यात. आणि मेसोपोटेमियात कोण होतं, तर सहावी पुणे डिव्हिजन होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, कुत अल अमाराला डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने अडकून, घोडी-खेचरं खाऊन, २९ एप्रिल १९१६ ला शरण आल्या. त्यानंतरच्या कैदेत किती मेले ते वेगळंच. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळ आरामात राहिला.

सबॅटनच्या दोन महायुद्ध अल्बमांत कुत नाही. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणतात तो इंग्रज अधिकारी लॉरेन्स आहे. हाच लॉरेन्स एप्रिल १९१६ ला कुतचा वेढा उठवावा म्हणून तुर्कांना पैसे देऊ करायला पाठवला होता, ते जमलं नाही, पण गाण्यात त्याचा अरबस्तानातला पराक्रम आहे. यात सबॅटनचा दोष नाही, पण त्यांच्या पद्धतीच्या गाण्याला एक नाव लागतं, चेहरा लागतो, पराक्रम लागतो. आकडा झालेल्या माणसावर असं गाणं कसं करणार? ते बोल्ट थ्रोअरला जमतं कारण त्यांच्या गाण्यात कोणाचंच नाव नसतं, त्यांच्या १९९१ च्या एका गाण्याचं नावच सेनोटाफ, म्हणजे रिकामी समाधी. आणि १९१४ ला जमतं कारण ते एका पत्रापासून, एका पिस्तुलाच्या नंबरापासून सुरुवात करतात. जर्मनीचा कानोनेनफीबर हा बँड पण याच वाटेने जातो, सैनिकांच्या पत्रांवरून आणि जुन्या कागदपत्रांवरून गाणी लिहितो, जर्मन येत असेल तर २०२१ चा त्यांचा पहिला अल्बम नक्की ऐका.

मग ठरवायचं कसं? नवीन लोक बोलवले असतील, कोणाची बायको-भाऊ पहिल्यांदा खेळ बघायला आले असतील, मधे चहा-वडापाव चालू असेल, तर सबॅटन, दुसरा विचार नको. एकट्याने रात्री रंगवायला बसणार असाल तर बोल्ट थ्रोअर. १९१४ मात्र खेळताना नको, मी दोनदा करून पाहिलं, डाइसचा आवाज आणि ते गाणं एकत्र नाही बसत, कोणीतरी सहा पडले म्हणून ओरडतं आणि मागे माणूस मरत असतो. ते खेळ झाल्यावर, टेरेन डब्यात भरताना, आवाज कमी करून. पैसे एकाच अल्बमवर घालायचे असतील आणि आत्तापर्यंत मेटल ऐकलेलंच नसेल तर 'द ग्रेट वॉर'ची हिस्टरी एडिशन घ्या, सबॅटन आधीच पाठ असेल तर 'व्हेअर फिअर अँड वेपन्स मीट'.

माझ्याकडे सध्या कुतचा सिनारिओ चालू आहे, ११० वी मराठा, चोवीस शिपाई, सोळा झालेत. बेसच्या खाली प्रत्येकाला बारीक ब्रशने एकेक नाव लिहितोय, गावात जी आडनावं आहेत त्यातलीच.