घरगुती मसाला-वाळवणाच्या धंद्याला व्हॉट्सॲप बिझनेस: कुठे पुरतं, कुठे अडतं

नागपुरात घरून सावजी मसाला, पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या किंवा दिवाळीचा फराळ विकणारे अनेक जण अजूनही घरच्या साध्या व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात. त्याच नंबरवर मुलांच्या शाळेचा ग्रुप असतो, नातेवाइकांचे फोटो असतात आणि मध्येच कोणीतरी दोन किलो पापड सांगितलेले असतात. संध्याकाळपर्यंत तो संदेश तीस संदेशांखाली जातो आणि ऑर्डर राहून जाते. २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं, मोफत ॲप हा घोळ बऱ्यापैकी मिटवतं. मात्र त्याच्याकडून काय मागायचं ते आधीच पक्कं असू द्या. हे ॲप नवं गिऱ्हाईक शोधून आणत नाही. आलेलं गिऱ्हाईक सांभाळायला, त्याची ऑर्डर न विसरायला आणि पुढच्या हंगामात त्याला पुन्हा बोलवायला मात्र छोट्या धंद्यासाठी याच्याइतकं सोयीचं फुकट साधन दुसरं नाही.

सुरुवात नंबरपासून. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही ॲप शेजारी शेजारी चालतात, फक्त दोन्हींचे नंबर वेगळे लागतात. घरच्याच नंबरचं बिझनेस खातं करू नका, नाहीतर गोंधळ होता तसाच राहतो. घरी लँडलाइन असेल तर तिच्यावरही खातं निघतं, पडताळणीचा कोड फोन येऊन ऐकवला जातो. धंद्याचं नाव टाकताना पाकिटावर आहे तेच अक्षरन् अक्षर टाका. पुढे नाव बदलायला ॲप सहजी मोकळीक देत नाही, आणि पाकिटावर एक नाव, फोनवर दुसरं दिसलं की नवं गिऱ्हाईक पैसे पाठवताना बिचकतं. प्रोफाइलमध्ये ऑर्डर घेण्याची वेळ, परिसर आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लिहा. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही ही नोंदणी लागतेच. पूर्ण घरपत्ता मात्र तिथे उघड्यावर टाकायची गरज नाही. "मानेवाडा, नागपूर. माल घ्यायला येण्याआधी फोन करा" एवढं पुरतं.

कॅटलॉग, म्हणजे फोटो आणि किमतींसह वस्तूंची यादी, हा या ॲपचा पहिला खरा फायदा. त्यात ५०० पर्यंत वस्तू बसतात आणि प्रत्येक वस्तूला १० पर्यंत फोटो लावता येतात. घरगुती धंद्याला पंधरा-वीस वस्तू खूप झाल्या. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे "सावजी मसाला" अशी एकच वस्तू टाकून वर्णनात पाव, अर्धा, एक किलोचे दर लिहिणं. गिऱ्हाईक कार्टमध्ये नग टाकतं. त्याने तीन नग टाकले की पाव किलोची तीन पाकिटं हवीत की तीन किलो, हे विचारण्यात पुन्हा चार संदेश जातात. म्हणून प्रत्येक वजनाची स्वतंत्र वस्तू करा: "सावजी मसाला २५० ग्रॅम", "सावजी मसाला ५०० ग्रॅम". किंमत नक्की टाका. "दरासाठी संपर्क करा" वाचून खूप जण पुढेच जातात.

वर्णन तीन ओळींपुरतं ठेवा. पहिल्या ओळीत काय घातलंय, दुसरीत किती दिवस टिकतं आणि कसं ठेवायचं, तिसरीत ऑर्डर दिल्यावर किती दिवसांनी मिळेल. मसाल्यासाठी तिखटपणा हमखास लिहा, कारण सावजी हे नाव ऐकून घेणाऱ्या बाहेरगावच्या माणसाला तो पेलेलच असं नाही. "एक किलो चिकनला किती चमचे" हे लिहिलेलं असलं की पुन्हा मागणी येण्याची शक्यता वाढते, कारण पहिलीच भाजी बिघडली तर दोष मसाल्याला मिळतो. "मधुमेहावर गुणकारी", "सांधेदुखी जाते" असली वाक्यं अजिबात नकोत. कॅटलॉगमधली प्रत्येक वस्तू दिसण्याआधी तपासली जाते आणि असे दावे तिथे अडू शकतात. शिवाय पदार्थाने आजार बरा होतो असा दावा अन्नसुरक्षेच्या नियमांतही बसत नाही.

फोटो चौकोनी काढा, वस्तू मधोमध. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो भर दुपारी काढला तर पांढऱ्यावर पांढरं होऊन काहीच दिसत नाही. सकाळी आठच्या आत किंवा खिडकीशेजारी सावलीत काढा, खाली गडद कापड घाला. एक फोटो बंद पाकिटाचा हवा, त्यात लेबल वाचता आलं पाहिजे: निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन. दुसरा फोटो तळलेल्या कुरडईचा. ती किती फुलते हे त्यातच दिसतं आणि घेणाऱ्याला तेवढंच बघायचं असतं.

हंगाम संपला की वस्तू पुसू नका, लपवा. सांबारवडी ही थंडीतली वस्तू, सांबार म्हणजे कोथिंबीर स्वस्त आणि ताजा असतो तेव्हाची. उन्हाळ्यात ती कॅटलॉगमधून लपवून ठेवली तर फोटो, वर्णन सगळं जागेवर राहतं आणि नोव्हेंबरात एका टिचकीत परत येतं. लपवायला विसरलात तर मे महिन्यात ऑर्डर येणार आणि नकार द्यावा लागणार. ॲपला शिल्लक माल मोजता येत नाही, ती जबाबदारी तुमचीच. कार्टमधली बेरीजही फक्त मालाची असते, पोहोच खर्च तुम्ही उत्तरात वेगळा सांगायचा.

आपोआप जाणाऱ्या संदेशांचे दोन प्रकार आहेत. स्वागताचा संदेश पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, आणि १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर त्यालाही. दुसरा, तुम्ही हजर नसताना जाणारा, ठरवलेल्या वेळेबाहेर जातो. फोन चालू आणि इंटरनेटवर असेल तरच हे दोन्ही संदेश जातात. रात्री डेटा बंद करून झोपायची सवय असेल तर रात्रीचं उत्तर जाणार नाही. स्वागतात मोठं वर्णन नको. "नमस्कार. कॅटलॉग वरच्या चिन्हावर आहे. ऑर्डरसाठी वस्तू, वजन आणि तुमचा परिसर लिहा. सकाळी ९ ते संध्याकाळी ७ मध्ये उत्तर देतो." परिसर सुरुवातीलाच विचारला की पोहोच खर्च सांगायला दुसरा संदेश लागत नाही.

तयार उत्तरं ५० पर्यंत साठवता येतात आणि तिरपी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला की समोर येतात. सहा-सातच करा: पोहोच खर्च, पैसे कसे द्यायचे, टिकण्याचा काळ, कुरिअरची माहिती, ऑर्डर पक्की, माल निघाला. पैशांच्या उत्तरात क्यूआरचं चित्रही साठवता येतं.

आता लेबल, म्हणजे ॲपमध्ये संभाषणाला लावायची रंगीत खूण. या ॲपमधलं सगळ्यात दुर्लक्षित आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं अंग हेच. एकूण २० लेबलं मिळतात. नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले अशा अर्थाची काही आधीच दिलेली असतात, ती आपल्या भाषेत बदलून घ्या. सहा लेबलं ऑर्डरच्या टप्प्यांसाठी ठेवा: नवी, पैसे बाकी, पैसे आले, पॅक झाली, पोहोचली, तक्रार. पाच पोहोचवण्याच्या फेऱ्यांसाठी. वस्तीगणिक लेबल केलं तर वीस पुरणार नाहीत, म्हणून फेऱ्या पाडा: वर्धमाननगर-लकडगंज-नंदनवन एक, मानेवाडा-सक्करदरा एक, प्रतापनगर-खामला-त्रिमूर्तीनगर एक, धरमपेठ-गोकुळपेठ एक, जरीपटक्याकडची एक. प्रत्येक फेरीला आठवड्याचा वार ठरवा. मंगळवारी सकाळी लेबल उघडलं की त्या दिवसाची पूर्ण यादी समोर. एकट्या पाव किलोसाठी दिघोरीहून धरमपेठेत गाडी नेली तर पाकिटामागचा नफा पेट्रोलमध्येच जातो. ज्यांना फेरीची वाट बघायची नाही त्यांना बर्डीच्या (सीताबर्डी) मेट्रो स्थानकावर ठरल्या वेळी माल देता येतो. दोन्ही मार्गिका तिथे मिळतात, त्यामुळे शहराच्या चारही बाजूंच्या माणसाला ते सोयीचं पडतं.

उरलेली लेबलं आवडीनुसार लावा: मसाला घेणारे, वाळवण घेणारे, फराळवाले, बाहेरगावचे. पुढे संदेश पाठवताना याच लेबलवरून माणसं निवडता येतात, म्हणजे शाकाहारी घराला सावजी मसाल्याची जाहिरात जात नाही. एक खबरदारी घ्या. टप्पा बदलला की जुनं लेबल आपोआप निघत नाही, नवं लावताना जुनं काढायचं. हे आठवडाभर चुकलं की "पैसे बाकी"मध्ये पैसे दिलेली माणसं दिसू लागतात आणि त्यांना आठवण पाठवली तर संबंध बिघडतात. एकाच घरच्या दोन ऑर्डर चालू असतील तर पूर्ण संभाषणाला लेबल न लावता त्या त्या संदेशाला लावा, तेही जमतं.

ब्रॉडकास्टकडून, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीकडून मात्र लोक भलत्याच अपेक्षा ठेवतात. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही आणि तुम्हाला वाटतं की कोणाला माल नको. त्यामुळे पहिल्या ऑर्डरसोबतच नंबर साठवून घेण्याची तजवीज करा. "ऑर्डर पक्की" या तयार उत्तरात एक ओळ घाला: "हा नंबर सेव्ह करा, वाळवणाच्या आणि फराळाच्या तारखा याच नंबरवरून कळवतो." पाकिटावर ॲपमधला क्यूआर छापा. स्कॅन केलं की थेट तुमचं संभाषण उघडतं.

ब्रॉडकास्ट थोडे आणि कामाचे पाठवा. रोजच्या शुभेच्छांनी माणसं आधी आवाज बंद करतात, मग नंबर अडवतात (ब्लॉक करतात). अडवणाऱ्यांची आणि तक्रार करणाऱ्यांची संख्या वाढली की खातंच बंद होऊ शकतं. विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्या, एका क्लिकमध्ये हजारोंना संदेश पाठवणारी सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲपच्या नावाने फिरणारी अनधिकृत ॲप, यांतून खातं गेलं तर त्या नंबरवर उभं केलेलं गिऱ्हाईकही जातं. वाळवणासाठी फेब्रुवारीत एक संदेश पुरतो: "ज्वारीचे पापड आणि गव्हाच्या कुरडयांची ऑर्डर २० फेब्रुवारीपर्यंत घेतो आहोत. माल एप्रिलमध्ये. अर्धे पैसे आगाऊ. उत्तरात वस्तू आणि वजन लिहा." यात तारीख, वस्तू, पैसे आणि काय करायचं हे सगळं आहे. गहू किती भिजवायचे आणि कडक उन्हाचे दिवस कसे वाटायचे याचा हिशेबही या यादीवरूनच बसतो. रोजची हालचाल दाखवायला स्टेटस वापरा. ते २४ तास राहतं आणि बघायचं त्यानेच बघावं लागतं, त्यामुळे कोणाला त्रास नाही.

पैसे घेताना स्क्रीनशॉटवर विसंबू नका. खोटा स्क्रीनशॉट बनवणं फार सोपं आहे. बँकेच्या नोंदीत रक्कम दिसल्यावरच "पैसे आले" लेबल लावा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तसं कोणी सांगितलं तर संभाषण तिथेच थांबवा. दिवाळीच्या गर्दीत "मोठी ऑर्डर देतो, आधी हे स्कॅन करा" असे फोन येतात, आणि घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

पुण्या-मुंबईच्या नागपूरकरांना माल पाठवताना कॅटलॉगमधली वजनं कामी येतात. कुरिअरचा दर साधारण अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतो आणि वजन खोक्यासकट धरलं जातं. ५०० ग्रॅम मसाला खोक्यासकट पुढच्या टप्प्यात जातो, ४०० ग्रॅमचं पाकीट मात्र बसतं. म्हणून "बाहेरगावसाठी ४०० ग्रॅम" ही वेगळी वस्तू करा. कुरडया आणि पापड कुरिअरने पाठवायचे तर आधी चुऱ्याचं काय, ते लिहून सांगा.

नवीन गिऱ्हाइकासाठी गूगलवर धंद्याची मोफत नोंद करा. तिथे घरपत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो, आणि जवळपास मसाला किंवा फराळ शोधणारं माणूस तिथून तुमच्या नंबरवर येतं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरून थेट व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात पैसे मोजून करता येते, पण कॅटलॉग आणि तयार उत्तरं नीट झाल्याशिवाय त्यात पैसे घालू नका. चौकशा येतील आणि उत्तराविना जातील. निळ्या खुणेची सशुल्क योजनाही या टप्प्यावर नको.

हिशेबाची सोय ॲपमध्ये नाही. रोज रात्री वहीत तारीख, नाव, वस्तू, वजन, रक्कम आणि पोहोच खर्च उतरवून घ्या. हाताखाली कोणी असेल तर फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे पॅकिंग करणारी व्यक्ती आपल्या लॅपटॉपवरून यादी बघू शकते. फोन १४ दिवसांहून जास्त बंद राहिला तर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा अंकी पिन लावा आणि संदेशाने आलेला कोड कोणालाही सांगू नका. सिम ज्याचा धंदा त्याच्याच नावावर असू द्या, कारण सिम हरवलं तर दुसरं त्याच्याच ओळखपत्रावर मिळतं. वायफायवर ॲप चालत राहतं म्हणून धंद्याच्या सिमचं रिचार्ज थांबवू नका. तीन महिने वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्याला जातो, आणि पाकिटांवर छापलेल्या नंबरवर अनोळखी माणूस भेटतो.