गाळ-पाचोळ्याचं खत मुरलंय का? तीन चाचण्यांचा काही महिन्यांचा अनुभव

सांडपाण्याचा गाळ आणि छाटलेल्या फांद्यांचा चुरा मिसळून केलेलं खत तपासायला काही महिने तीन गोष्टी वापरतोय: उष्णतारोधक फ्लास्क, रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचा किट आणि अळीव. सगळ्यात स्वस्त अळीव, आणि माझा भरवसाही त्याच्यावरच.

फ्लास्कमध्ये ओलसर खत भरायचं, थर्मामीटर खोचायचा आणि पाच ते दहा दिवस आकडे टिपायचे. खोलीपेक्षा तापमान 10 अंशांच्या आतच वाढलं तर वरची श्रेणी, म्हणजे खत मुरलेलं; 40 च्या पुढे गेलं तर माल कच्चा. मात्र खत कोरडं असलं तर जंतू सुस्तावतात आणि कच्चा मालही थंड राहतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये, इतकी ओल हवी.

किट झटपट: बंद बरणीत चार तास, मग रंग तक्त्याशी जुळवायचा. एक पट्टी कार्बन डायऑक्साइडची, दुसरी अमोनियाची. नुसती पहिली बघितली तर गाळाच्या खतात फसगत ठरलेली. गाळात नायट्रोजन भरपूर. चुरा कमी पडला की अमोनिया साचतो, जंतूंना दाबतो, त्यांचं श्वसन मंदावतं, कार्बन डायऑक्साइड कमी निघतो आणि पट्टी म्हणते खत तयार! झाकण काढताच नाक चुरचुरलं तर तो आकडा सोडून द्या. (रंग ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीशी न्या.)

लॅबच्या अहवालात कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर 20 च्या खाली (ही मुरल्याची खूण मानतात) दिसलं म्हणूनही हुरळून जाऊ नये. गाळाचं ते मुळातच कमी असतं.

आता अळीव. एक भाग खत, दहा भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळून गाळायचं. या अर्कात भिजवलेल्या फिल्टर पेपरवर बी, शेजारी नुसत्या पाण्याची बशी. अंधारात, 25 अंशांच्या आसपास, दोन दिवस. उगवण आणि मुळांची लांबी, दोन्हींची पाण्याच्या बशीशी टक्केवारी काढायची, गुणाकार करून 100 ने भागायचं. 50 च्या खाली आलं तर खत मुळांना घातक, 80 च्या वर असेल तरच मी कुंड्यांत घालतो. कच्च्या खतात बी फुटतं, पण मूळ आखूड राहतं, टोक तपकिरी पडतं. नुसती उगवण मोजणाऱ्याला हे कळतच नाही. भिजलेलं बी बुळबुळीत होतं, म्हणून मोजताना चिमटा लागतोच. मूळ खुंटण्यामागे कधी क्षारही असतात, तेव्हा अर्काची ईसी (विद्युत वाहकता, तिच्यावरून क्षार किती ते कळतं) बघून घ्या.

जड धातू आणि रोगजंतूंबद्दल या तिन्ही चाचण्या अवाक्षर काढत नाहीत. रोगजंतूंसाठी ढिगाच्या तापमानाची नोंद वेगळी हवी: अमेरिकेच्या 1993 च्या नियमात लांब ओळीतल्या ढिगाला 15 दिवस किमान 55 अंश आणि त्या काळात पाच वेळा उलथणं सांगितलंय. जस्त, शिसं तर कुजत नाहीत, ढीग आटला की त्यांचं प्रमाण उलट वाढतं. त्यांच्यासाठी नमुना लॅबलाच पाठवावा लागतो.