एक्स्ट्रॅक्ट तयार आहे, आता ऑर्गन बाथमध्ये काय लावायचं: गिनीपिग, ससा की खाटकाकडचं?

एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं की वनस्पती ठरते, साल वाळते, दळून होते, एक्स्ट्रॅक्टही (अर्क) निघतो आणि ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे प्राण्याच्या अवयवाचा तुकडा द्रावणात जिवंत ठेवून त्यावर औषध टाकून बघायच्या भांड्यात, टिश्यू (तो तुकडा) कुठला लावायचा हे सगळ्यात शेवटी ठरतं, म्हणजे खरं तर ॲनिमल हाऊसमध्ये त्या आठवड्यात जे असेल ते. मला हे अजिबात पटत नाही, कारण टिश्यू बदलला की उत्तर बदलतं आणि कधीकधी अगदी उलटं होतं.

कुड्याचंच बघा. जुलाब, आव यावर कुड्याची साल आपल्याकडे पिढ्यानपिढ्या देतात, कुटजारिष्ट आजही दुकानात मिळतं. कराचीच्या आगा खान युनिव्हर्सिटीत अन्वारुल हसन गिलानी यांच्या ग्रुपने याच झाडाच्या क्रूड एक्स्ट्रॅक्टवर 2010 साली काम छापलं, त्यात गिनीपिगचं इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) आकुंचन पावलं, तेही हिस्टॅमिन या शरीरातल्या रसायनाच्या रिसेप्टरमार्फत (पेशीवर ते जिथे जोडलं जातं ती जागा), आणि सशाचं जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) मात्र सैल पडलं, कॅल्शियम अडवल्यासारखं. आता यातला एकच टिश्यू ज्याने लावला असता त्याने थीसिसमध्ये एक तर "आतडं चालवतो" लिहिलं असतं किंवा "आतडं शांत करतो", आणि दोघांचे ग्राफ खरेच असते.

तर आधी गिनीपिग. याच्या इलियमची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते स्वस्थ बसतं, स्वतःहून फार हालचाल नाही, त्यामुळे बेसलाइन सरळ येते आणि ॲसिटाइलकोलीन (आतडं आकुंचित करणारं नसांमधलं रसायन) किंवा हिस्टॅमिन टाकलं की रिस्पॉन्स स्वच्छ दिसतो. हिस्टॅमिनचा प्रश्न असेल तर दुसरीकडे बघूच नका, उंदराच्या म्हणजे रॅटच्या इलियमला हिस्टॅमिन जवळजवळ कळतच नाही. काढताना सीकमजवळचं (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीजवळचं) शेवटचं दहाएक सेंटिमीटर सोडून द्या, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, टायरोड (टिश्यू जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण), अर्धा ग्रॅम टेन्शन आणि निदान अर्धा तास सेट व्हायला द्या, मधेमधे द्रावण बदलत. पण जे स्वस्थ बसलंय ते आणखी सैल पडलेलं कसं दिसणार? म्हणून रिलॅक्सेशन दाखवायचं असेल तर आधी त्याला कशाने तरी आकुंचित करावं लागतं, आणि मग एक्स्ट्रॅक्टने रिसेप्टर अडवला की आतला स्नायूच सैल केला हे वेगळं सिद्ध करत बसावं लागतं. शिवाय प्रत्येक प्राण्यासाठी आयएईसीची (संस्थेतल्या प्राणी-नैतिकता कमिटीची) मंजुरी, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचं, आधीच्या सीपीसीएसईएचं, आता सीसीएसईए झालंय पण प्रोटोकॉल आणि आकडे तितकेच काटेकोर मागतात, आणि मागायलाच पाहिजेत, जीव जातोय त्याचा.

ससा. याचं जेजुनम बाथमध्ये लावलं की आपलं आपण लयीत हलत राहतं, रुडॉल्फ माग्नुसने 1904 मध्ये आतड्याचा तुकडा शरीराबाहेर जिवंत ठेवून दाखवला तेव्हापासून लोक असल्या हालचाली बघतायत. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टने वाढ झाली की घट झाली दोन्ही थेट दिसतं, आधी काही टाकावं लागत नाही. आणि पुढची पायरी अगदी सोपी आहे: पोटॅशियम 80 मिलीमोलर करून टिश्यू आकुंचित करायचा, एक्स्ट्रॅक्टने तो सैल पडला तर कॅल्शियम चॅनेलचा (पेशीत कॅल्शियम शिरायच्या वाटेचा) संशय घ्यायचा, मग कॅल्शियमशिवायच्या द्रावणात कॅल्शियमचा कर्व्ह (मात्रा वाढवत नेली की आकुंचन किती वाढतं त्याचा आलेख) काढून तो उजवीकडे सरकतो का ते ही वाट अडवणाऱ्या वेरापामिल या औषधाशेजारी ठेवून बघायचं. जुलाब, पोटात कळ, मुरडा असल्या कामाच्या वनस्पतीसाठी मला हाच टिश्यू सगळ्यात प्रामाणिक वाटतो. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, एका सशाचे सहा तुकडे लावले म्हणून एन (नमुन्यांची संख्या) सहा होत नाही, तो एकच ससा आहे.

आता खाटकाकडचं, म्हणजे बोकडाची ट्रॅकिया (श्वासनलिका) आणि कोंबडीचं इलियम. याला लोक कमी समजतात ते चुकीचं आहे. प्राणी तुमच्यासाठी मारलेला नाही, खर्च नगण्य, पहिले पन्नास प्रयोग बिघडले तरी कोणाचा जीव त्यात जात नाही. तरी कमिटीला एक पत्र देऊन ठेवाच, पुढे पेपर छापताना विचारतात. अडचण सगळी ताजेपणाची, कापल्या कापल्या थंड क्रेब्समध्ये (टायरोडसारखंच द्रावण) टाकून थर्मासमधून आणायचं, मटणवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवायचं, नाही तर तो नळाच्या पाण्याने धुऊन देतो आणि मग ते कामाचं राहत नाही. ट्रॅकियाच्या रिंगा कापून साखळीसारख्या बांधतात, तिचा रिस्पॉन्स आतड्यापेक्षा बराच सावकाश येतो, घाई करणाऱ्याचा ग्राफ येतच नाही. बोकडाचं वय, आजार, कुठलं औषध दिलंय हे काही माहीत नसतं म्हणून आकडे विखुरतात, ब्रॉयलर कोंबड्या त्यामानाने एकाच वयाच्या असतात. कोंबडीवर हिस्टॅमिनचं काम करायचं असेल तर आधी तुमच्या बॅचला रिस्पॉन्स येतो का हे तपासा, ॲसिटाइलकोलीनला छान येतो.

अडुळशासारखी वनस्पती असेल तर आतड्याच्या मागे लागायचं कारणच काय, थेट ट्रॅकिया लावा. अडुळशातल्या वॅसिसिन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, म्हणजे हा रस्ता पुढे जाऊ शकतो. आणि फोर्सकोलिन तर आपल्या मुलुंडच्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या लॅबमधलं, कोलियसच्या मुळातून निघालेलं, आज जगभर पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारं रसायन) वाढवायला वापरतात, मला याचा खरंच अभिमान वाटतो.

सॉफ्टवेअरचं विचारतात म्हणून एका ओळीत: पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेचं एक्सफार्म, म्हणजे असे प्रयोग कॉम्प्युटरवर करून दाखवणारं सॉफ्टवेअर, बी.फार्म.ला शिकायला उत्तम आहे, पण त्यात माहीत असलेलीच औषधं आहेत, तुमचा एक्स्ट्रॅक्ट त्याला माहीत नाही.

टिश्यू कुठलाही घ्या, सगळ्यात जास्त लक्ष वॉशवर (टिश्यू ताज्या द्रावणाने धुण्यावर) द्या. एक्स्ट्रॅक्ट धुऊन काढल्यावर ॲसिटाइलकोलीनचा रिस्पॉन्स पहिल्याइतका परत आला पाहिजे, नाही आला तर बहुतेक तुम्ही टिश्यू सैल केलेला नाही, मारलाय. सालींमध्ये टॅनिन भरपूर असतं ते प्रोटीन गोठवतं, सॅपोनिन पेशीचं आवरण फोडतं, आणि दोन्हींचा ग्राफ दिसायला झकास रिलॅक्सेशनचा दिसतो. उलट बाजूने पाण्यातल्या एक्स्ट्रॅक्टमध्ये झाडाचं पोटॅशियम उतरतं आणि तेवढ्यानेच आतडं आकुंचन पावू शकतं. अल्कोहोल किंवा डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवलं असेल तर नुसत्या त्याचाही कंट्रोल तेवढ्याच मात्रेत लावा. आणि 10 मिलिग्रॅम प्रति मिलीला कुठे थोडा परिणाम दिसला तर त्यावर मोठी वाक्यं लिहू नका, एवढं घट्ट रक्तात कधी पोचत नाही.

मी कोणाला सांगायचं झालं तर असं सांगेन: मात्रा शोधायचं सगळं काम कोंबडीवर करा, पोटाची वनस्पती असेल तर तीच मात्रा घेऊन मोजक्या सशांवर जा, खोकला-दम्याची असेल तर बोकडाच्या ट्रॅकियावरच थांबलात तरी थीसिस होतो, आणि गिनीपिग फक्त तेव्हाच मागा जेव्हा प्रश्नातच हिस्टॅमिन आहे. गाईड म्हणाले "सीनियरने गिनीपिग वापरलाय, तूही वापर" तर त्यांना शांतपणे विचारा की सर, आपला प्रश्न तोच आहे का.

आणि हे सगळं करायच्या आधी झाड तेच आहे का ते बघून घ्या. बाजारात पांढऱ्या, म्हणजे वरच्या औषधी कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळलेली असते, वाळल्यावर आपल्याला ओळखू येत नाही. फुलं-शेंगांसकट फांदी घेऊन पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या ऑफिसात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवून घ्या, नमुन्याचा नंबर घ्या आणि साल त्याच झाडाची काढा.