दोन दाढांच्या मधली कीड: कॉम्पोझिट भरावं की सिरॅमिक बसवावं?

दाढेच्या वरच्या खळग्यात लहानशी कीड असेल तर फार विचार करू नका, कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं प्लॅस्टिकसारखं सिमेंट, भरून घ्या. एका बैठकीत काम होतं, रंग दाताच्या रंगात मिसळून जातो आणि चांगला दात फारसा कोरावा लागत नाही. खरा पेच पडतो तो कीड दोन दाढांच्या मधून शिरलेली असते आणि दाढेची एक भिंतच काढून टाकावी लागते तेव्हा. मग डॉक्टर बहुधा दोन पर्याय पुढे ठेवतात. एक, तोंडातच थरावर थर देत भरायचं कॉम्पोझिट. दुसरा, माप घेऊन बाहेर घडवलेला आणि मग चिकटवलेला सिरॅमिकचा तुकडा, म्हणजे इनले किंवा ऑनले. मी हे दोन्ही वापरले आहेत, तेही एकाच दाढेत.

चांदीचा, म्हणजे अमाल्गम नावाच्या मिश्रधातूचा, पर्याय आता मागे पडतो आहे. तिच्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो, आणि पाऱ्याचा वापर घटवण्यासाठी २०१३ साली झालेल्या मिनामाता करारात तिचंही नाव आहे. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, ती भरणं बंदच केलं. पण तोंडात जुनी चांदी घट्ट बसलेली असेल आणि खाली कीड नसेल, तर निव्वळ रंगासाठी ती काढायला जाऊ नये, असं मला वाटतं. काढताना पाऱ्याची वाफ निघते आणि चांगला दातही थोडा जातोच. ग्लास आयोनोमर हे आणखी एक भरायचं सिमेंट, हिरडीलगतच्या झिजेला आणि दुधाच्या दातांना उत्तम. ते दाताला आपणहून धरतं, फ्लोराइड सोडतं, थोडा ओलावाही चालवून घेतं. मात्र दाढेची अख्खी भिंत त्याच्यावर सोपवावी इतका दम त्यात नाही.

माझ्या दाढेत आधी कॉम्पोझिट भरलं. दिसायला इतकं सुरेख की आरशात बघूनही कुठे भरलंय ते कळेना. चावताना त्रास नव्हता, थंड पाणी झोंबत नव्हतं. पण जेवण झालं की शेजारच्या दाढेच्या फटीत तंतू अडकायचे. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, घातला तर तो कसलाही अडसर न होता सरळ हिरडीपर्यंत जायचा. दोन दाढा नीट टेकलेल्या असतील तर तिथे फ्लॉस जरा अडतो आणि टक् करून खाली उतरतो. तो टक् माझ्या दाढेत नव्हताच. चार माणसांत बसलं की जीभ सारखी तिथेच जायची. पुढे हिरडी सुजली, ब्रश लागला की रक्त यायला लागलं. दाढ शाबूत, सिमेंट शाबूत, आणि तरीही जेवणाची धास्ती.

कारण समजून घेतलं तेव्हा पुष्कळ उलगडा झाला. चांदी ठासून भरतात. त्या दाबाने दाढेभोवती लावलेली पातळ धातूची पट्टी बाहेर रेटली जाते आणि शेजारच्या दाढेला भिडते. कॉम्पोझिट मऊ असतं, ते पट्टीला रेटत नाही. शिवाय निळ्या प्रकाशाने घट्ट होताना ते साधारण दोन-तीन टक्के आकसतं; म्हणून ते दोन मिलिमीटरच्या आसपासचे थर देत भरतात. त्यामुळे दोन दाढा टेकणार की नाही हे सगळं बाकदार पट्टी, मधे ठोकलेली पाचर आणि दाढांना क्षणभर दूर सारणारी स्प्रिंगची रिंग यांवर ठरतं. आणि टेकल्या की नाही हे कळतं कधी? सिमेंट कडक झाल्यावर, पट्टी काढल्यावर. माझ्या डॉक्टरांनी कुरकुर न करता ते काढून पुन्हा भरून दिलं. फरक पडला, पण पुरता नाही.

मग सिरॅमिकचा ऑनले करून घेतला, लिथियम डायसिलिकेट या काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकचा. माप दिलं, तुकडा तयार होईपर्यंत तात्पुरतं सिमेंट सांभाळलं. बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी तुकडा नुसता ठेवून बघितला आणि फ्लॉस घातला. तो जातच नव्हता, इतकं घट्ट. कडेला कणभर घासलं, परत ठेवलं, परत फ्लॉस. हवा तसा टक् झाल्यावरच चिकटवायला घेतलं. माझ्यासाठी निवाडा तिथेच झाला. खोट असेल तर ती चिकटवण्याआधी हातात सापडते. फट सैल निघाली असती तर तुकडा लॅबला परत पाठवून भर घालून घेता आली असती. तेव्हापासून त्या दाढेकडे माझं लक्षही जात नाही.

सिरॅमिकची उणी बाजूही सांगायला हवी. तुकडा अडकून न बसता सरळ आत उतरायला हवा, म्हणून दाढेच्या भिंती बाहेरच्या अंगाला थोड्या उतरत्या कराव्या लागतात. त्यात जास्तीचा दात जातो. खर्च बराच जास्त, फेऱ्याही जास्त. चिकटवताना जागा कोरडी ठेवण्याची कसरत कॉम्पोझिटइतकीच. कॉम्पोझिटचा टवका उडाला तर तेवढाच भरता येतो; सिरॅमिकला मोठा तडा गेला तर बहुधा सगळं नव्याने करावं लागतं. रात्री दात खाणाऱ्यांनी हे आधी डॉक्टरांना सांगावं. झिरकोनिया हे दुसरं सिरॅमिक याहून कणखर असतं, पण त्यात काचेचा अंश नसल्याने त्याला ॲसिड लावून खरखरीत करता येत नाही आणि चिकटवणं अवघड होतं. पूर्ण कॅपसाठी ते मला जास्त योग्य वाटतं.

पुढच्या दातांच्या बाबतीत मात्र माझा कौल उलटा आहे. टवका उडालेला कोपरा किंवा दोन दातांमधली लहान फट असेल तर आधी कॉम्पोझिटच करून पाहावं. व्हिनियरसाठी, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायच्या पातळ पापुद्र्यासाठी, बहुतेक वेळा इनॅमलचा पातळ थर घासतात, आणि इनॅमल पुन्हा येत नाही. चहा-कॉफीने कॉम्पोझिट कालांतराने पिवळट होतं हे खरं, पण ते पॉलिश करता येतं. दोन गोष्टी सांभाळा. शेड दात ओला असतानाच, काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या, कारण कोरडा पडलेला दात आहे त्याहून पांढरा दिसतो. आणि दात उजळून घ्यायचे असतील तर ते आधी करून दोनेक आठवडे थांबा. भरलेलं सिमेंट नंतर उजळत नाही.

दाढेसाठीही कॉम्पोझिटच घ्यायचं ठरलं, आणि पुष्कळांच्या दाढेत ते वर्षानुवर्षं छान चालतं, तर भरण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: दात कोरडा ठेवायला रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा, लावणार का, आणि मधल्या भिंतीसाठी रिंगवाली पट्टी वापरणार का. भरून झालं की खुर्चीतून उठण्याआधी तिथे फ्लॉस घालून दाखवायला सांगा. तो अडसर न होता खाली गेला, तर दुरुस्ती त्याच बैठकीत मागून घ्या.