बाहेरच्या प्रकरणानंतर पुन्हा जवळ येताना: जुळे सोलापुरातल्या समुपदेशन केंद्राचा अनुभव

ह्यांचं बाहेरचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा घरातली मोठी माणसं एवढंच म्हणाली, "झालं गेलं विसर, पोरांकडं बघ." पोरांकडं बघतच होते मी. पण झोपेत ह्यांचा हात लागला तरी अंग आकसायचं, त्याचं काय करायचं हे कुणीच सांगत नव्हतं. इथल्या मॅडमनी सांगितलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घातला: एकेकट्याशी बोलताना लग्नाशी संबंधित काही कळलं, तर दुसऱ्यापासून लपवणार नाही. त्यामुळं मला तिथं बसायचा धीर आला. माझ्या वहीतले प्रश्न, कधीपासून, कुठं भेटायचे, पैसे किती गेले, आता संपलंय का, यातला एकही ह्यांना टाळू दिला नाही. अंथरुणातल्या तपशिलाचे प्रश्न मात्र मला बाजूला ठेवायला लावले, कारण ती चित्रं डोक्यातून जात नाहीत. तेव्हा राग आला होता. आता पटतं.

जवळ येण्याआधी दोघांची तपासणी करायला लावली. हे कुठलाच नातेवाईक सांगणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवतात. लागण झाली असली तरी तीन महिन्यांपर्यंत ती तपासणीत न दिसण्याची शक्यता असते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. बाकीच्या गुप्तरोगांच्या तपासण्याही केल्या. हे रांगेत माझ्याशेजारी उभे राहिले, ते मला माफी मागण्यापेक्षा मोठं वाटलं.

मग स्पर्शाचा अभ्यास. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० साली मांडलेली ही पद्धत. संबंध ठेवायचे नाहीत हे आधीच ठरलेलं. आळीपाळीनं फक्त हात, पाठ, केस, पाय. छाती आणि गुप्तांगं वर्ज्य. नको वाटलं की थांबा म्हणायचं, समोरच्यानं कारण विचारायचं नाही. पुढं काही होणार नाही याची खात्री असली की अंग हळूहळू सैल पडतं. पाठीवर हात फिरला आणि मला रडू फुटलं. थांबा म्हटलं, हे थांबले. माझ्या शब्दावर हे थांबतात, हे मला अंगानं कळायला हवं होतं.

सगळं सरळ चढत गेलं असं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत हे तिला घेऊन फिरले होते. जानेवारीत होम मैदानावर पाळणे उभे राहिले आणि माझी झोप उडाली. तारखा आणि जागा अशा अंगावर येतात, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या वर्षी आम्ही यात्रेला गेलो नाही. मी तेच तेच विचारत राहिले आणि हे न चिडता सांगत राहिले.

एक तक्रार आहे. बसायची बाकडी थेट दारासमोर आहेत. सोलापुरात ओळख निघायला वेळ लागत नाही. निदान पडदा तरी लावावा. फी दोघांची मिळून एकच घेतात, ते बरं.

प्रकरण अजून चालू असेल तर मॅडम जोडप्याचं काम घेत नाहीत. घरात मारहाण होत असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करायला सांगतात. बाकीच्यांनी जरूर जावं, आणि वेळ ठरवायचा पहिला फोन ज्यानं प्रकरण केलं त्यानंच करावा. आमच्याकडं ह्यांनीच केला होता.